गावचं जुनं देऊळ वाचायचं कसं? विदर्भात मूर्ती पाहायला निघालेल्यांसाठी

विदर्भात कोणत्याही तालुक्यात जा, एखादं काळ्या दगडाचं जुनं देऊळ सापडतंच. गावात विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात: "हेमाडपंती हाय" नाहीतर "राक्षसानं एका रातीत बांधलं". भिंतीवरच्या मूर्ती कोणाच्या, असं पुढे विचारलं की समोरचा आपल्याकडेच विचित्र नजरेनं पाहतो. "देवाच्याच हायेत ना भाऊ, अजून कोणाच्या राहतीन?"

या वाटेनं जाऊन आलेला म्हणून सांगतो, सुरुवातीला डोकं भंजाळतं ते दोन कारणांनी. एक तर मूर्तिशास्त्राची पुस्तकं पहिल्या पानापासून संस्कृत नावांचा मारा करतात. दुसरं म्हणजे मोबाईलवर प्रत्येक मूर्तीचा "गूढ अर्थ" आयता येऊन पडतो, मग मूर्ती नीट पाहायचं राहूनच जातं. खालचा क्रम त्यासाठी आहे. आधी दिसतं ते लिहायचं, मग ओळखायचं, आणि अर्थाला सगळ्यात शेवटी हात घालायचा.

१. निघण्याआधी

सोबत एवढं असू द्या:

- रेघा नसलेली वही आणि पेन्सिल (घामाच्या हातानं पेनची शाई पसरते)
- चांगली बॅटरी. मोबाईलचा लाईट समोरून पडतो आणि कोरीव काम सपाट दिसतं. बॅटरी मूर्तीच्या बाजूला धरून तिरपा उजेड टाका, झिजलेल्या बोटांतली जपमाळसुद्धा उठून येते
- दुपट्टा, पाणी, आणि साप-विंचवाचा विचार करून बूट
- आधार कार्ड. आडगावात अनोळखी माणूस देवळाचे फोटो काढताना दिसला की चौकशी होतेच, आणि ती झालीही पाहिजे. मूर्तिचोऱ्या झालेल्या आहेत
- जिल्ह्याच्या गॅझेटियरमधलं (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) त्या गावाचं पान. जुनी गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळतात

गावात पोचल्यावर आधी पुजारी किंवा गुरव, ते नसतील तर पोलीस पाटील, यांना भेटा. गाभाऱ्यात जाता येतं का, बाईमाणसाला चालतं का, फोटो काढू देतात का, हे त्यांनाच विचारा, दारावरच्या पाटीवरून ठरवू नका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित देवळात साधा फोटो सहसा चालतो, स्टँड लावायचा असेल तर परवानगी लागते.

दिवाळी ते होळी हा काळ बरा. वैशाखात दुपारी दगडाला हात लावता येत नाही, आणि पावसाळ्यात शेवाळानं अर्धं कोरीव काम झाकलेलं असतं.

२. देवळात शिरायची घाई नको

आधी पारावर जा. पिंपळाखाली, मारोतीच्या मागे, विहिरीच्या काठाला जे कोरीव दगड टेकवून ठेवलेले असतात, तिथेच तुमचा पहिला धडा आहे.

उभा, दोन-तीन कप्प्यांचा दगड दिसला तर बहुतेक तो वीरगळ. वाचायचा खालून वर. खालच्या कप्प्यात लढाई, कधी पळवून नेलेल्या गाई. मधल्या कप्प्यात मेलेल्या वीराला अप्सरा घेऊन चालल्या आहेत. वरच्या कप्प्यात तोच वीर हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एकटा हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. या दगडांना लोक भिवसन म्हणतात, मुंजोबा म्हणतात, शेंदूर लावतात, नारळ फोडतात. तिथे जाऊन "हा देव नाही, हा तर वीरगळ" असं सांगायला जाऊ नका. गावाच्या लेखी तो देव आहे आणि तुमच्या वहीत तो वीरगळ आहे. दोन्ही लिहून ठेवा.

शेंदराचं दुसरं दुखणं असं की जाड थराखाली नाक-डोळे दिसत नाहीत आणि सगळंच मारोतीसारखं वाटू लागतं. खरवडून पाहायचा मोह आवरा. शेंदूर कडेला येऊन थांबतो, त्यामुळे मूर्तीची बाह्यरेषा पाहा: पाय जुळलेले की फाकलेले, हात किती, पायाखाली काही आहे का. तेवढ्यावरून बरंच कळतं.

३. उंबरठा आणि दार

आता देवळात चला, पण गाभाऱ्याच्या दाराशीच थांबा. घाईत असलेला माणूस इथून सरळ आत जातो आणि देवळातला सर्वांत बोलका भाग चुकवतो.

खाली पाहा. उंबरठ्यावर बटबटीत डोळ्यांचा, जबडा वासलेला चेहरा दिसेल. धड नाही, बहुधा खालचा जबडाही नाही. हा कीर्तिमुख. जालंधर राक्षसानं राहूला दूत म्हणून शिवाकडे पाठवलं, तेव्हा शिवाच्या कपाळातून एक भयंकर भुकेला प्राणी निघाला. राहूनं क्षमा मागितली. मग या प्राण्यानं खायचं काय? शिव म्हणाला, स्वतःलाच खा. त्यानं पायापासून सुरुवात केली ती तोंडच उरलं. ते पाहून शिवानं त्याला आपल्या दारात कायमची जागा दिली. म्हणून उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडायचा. गावातल्या म्हाताऱ्या बायांना ही कथा माहीत असो-नसो, पाय त्या बरोबर उचलतात.

आता चौकटीच्या दोन्ही पायथ्यांशी पाहा. कलश घेतलेल्या स्त्रिया असतील तर त्यांच्या पायाखाली बॅटरी मारा. मगरीसारखा मकर असेल तर ती गंगा, कासव असेल तर यमुना. दोघींच्या मधून आत जाणाऱ्याचं स्नान झालं, असा त्यामागचा भाव. शेजारच्या द्वारपालांच्या हातात त्रिशूळ, डमरू, कवटी असेल तर देऊळ मुळात शिवाचं, गदा-चक्र असेल तर विष्णूचं असण्याची शक्यता जास्त. आत आज कोणता देव बसलाय त्यावरून देवळाचा मूळ देव ठरवू नका. मूर्ती बदलतात, द्वारपाल सहसा तिथेच राहतात.

आणि चौकटीच्या वर मधोमध गणपती दिसला म्हणून ते गणपतीचं देऊळ होत नाही. या जागेवर, म्हणजे ललाटबिंबावर, गणपती आपल्याकडे शिवाच्या देवळातही असतो आणि देवीच्याही. तिथे ध्यानस्थ, वस्त्र-दागिना नसलेली मूर्ती असेल तर मात्र जैन मंदिराच्या दिशेनं विचार करा. विदर्भात हे विसरून चालत नाही. वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैनांचं मोठं क्षेत्र आहे, पवनीला बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत. छातीवर श्रीवत्स (एक शुभचिन्ह) असलेली, हात मांड्यांलगत सरळ सोडून उभी असलेली तीर्थंकराची मूर्ती एखाद्या गावात वेगळ्याच नावानं पुजली जात असते. वहीत नोंद करा. पारावर वाद घालू नका, त्यातून निष्पन्न काही होत नाही आणि पुढच्या खेपेला कुलूप दिसतं.

४. हात मोजा

मूर्ती ओळखण्याची खरी किल्ली तिच्या हातांत असते. चेहऱ्यावरून ओळखायला गेलात तर फसाल, जुन्या शिल्पांत बहुतेक चेहरे एकाच वळणाचे असतात.

नवख्या माणसाची हमखास चूक डाव्या-उजव्याची. नेहमी मूर्तीचा उजवा हात धरायचा, म्हणजे तुमच्या डावीकडचा. वहीत मूर्तीची काडीमाणसासारखी आकृती काढा, प्रत्येक हाताशी काय दिसतं ते लिहा, तुटलेला असेल तर "तुटका" लिहा. अंदाज नको.

विष्णूचं उदाहरण घेऊ, कारण इथे हातांचा क्रमच सगळं सांगतो. शंख, चक्र, गदा, पद्म या चार वस्तू चार हातांत बदलून ठेवल्या की चोवीस प्रकार होतात. संध्येत आचमनाला जी चोवीस नावं घेतात, केशव, नारायण, माधव, गोविंद, तीच या चोवीस मूर्तींची नावं. वाचायला उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करा, मग उजवा वरचा, डावा वरचा, शेवटी डावा खालचा. म्हणजे प्रदक्षिणेचाच क्रम. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आला तर नारायण. पद्म, गदा, चक्र, शंख आला तर त्रिविक्रम. काही नावांच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत फरक आहे, त्यामुळे आधी क्रम लिहा, नाव नंतर.

मेहकरच्या शारंगधर बालाजीसमोर हा सराव करून पाहा. १८८८ साली सापडलेली ही भव्य मूर्ती एकाच दगडातली आहे. दर्शनाच्या रांगेत मागून रेटा असतो आणि वस्त्र-हारांत खालचे हात झाकलेले असतात, म्हणून अभिषेकाच्या वेळी जाता आलं तर उत्तम.

बाकीच्यांसाठी पाठ करायच्या खुणा थोड्याच:

- दोन्ही हातांत फुललेली कमळं, पायांत बूट, खाली सात घोडे: सूर्य. गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेला देव आपल्याकडे सहसा दुसरा नसतो
- जपमाळ, कमंडलू, तीन दिसणारी तोंडं, दाढी: ब्रह्मा
- नागवा, सोबत कुत्रा, हातात मुंडकं: भैरव. मुंडक्यातून ठिबकणारं रक्त चाटायला कुत्रा मान वर करतो, ते पाहायला विसरू नका
- पैशाची थैली, सुटलेलं पोट: कुबेर, आणि तो बहुधा उत्तरेला
- रेडा: देवीच्या पायाखाली असेल तर महिषासुरमर्दिनी, पुरुषाच्या आसनाखाली आणि दक्षिणेला असेल तर यम

५. बाहेरून प्रदक्षिणा

देऊळ उजव्या हाताला ठेवून चालायला लागा. मूर्ती कोरणाऱ्यानंही तुम्ही असेच येणार हे धरलेलं असतं. शिवाच्या देवळात अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ बहुधा उत्तरेला असते. ती न ओलांडता परत फिरायची रीत आहे. पलीकडची भिंत उलट्या बाजूनं जाऊन पाहा, म्हणजे रीतही राहते आणि शिल्पही चुकत नाही.

गाभाऱ्याच्या बाहेरच्या तिन्ही बाजूंना मधोमध एकेक मोठा कोनाडा असतो, तो देवकोष्ठ. आतल्या देवाचीच तीन रूपं तिथे बाहेर येऊन उभी असतात. शिवमंदिरात नाचणारा शिव, अंधकासुराला त्रिशुळावर टोचणारा शिव आणि चामुंडा ही मंडळी वारंवार भेटतात.

चामुंडेपाशी जरा थांबू. आमच्या भागातल्या एका शिवमंदिरात उत्तरेच्या कोनाड्यात ती आहे. बरगड्या मोजता येतात, स्तन ओघळलेले, डोळे खोबणीत गेलेले, गळ्यात मुंडमाळ, पायाखाली प्रेत. पोटाच्या जागी खड्डा, आणि त्या खड्ड्यात, बॅटरी तिरपी धरली की, एक विंचू दिसतो. आठही पाय कोरलेले, नांगी वर वळलेली. मी तो पाहत असताना सरपणाची मोळी उतरवून एक आजी शेजारी टेकली. "तिच्या पोटात इंचू हाय बाबा," ती म्हणाली, "भुकेचा. म्हणून खाल्लं तरी अंगी लागत नाही तिच्या."

ग्रंथ सांगतात की चामुंडा ही चंड-मुंडांना मारणारी, सप्तमातृकांमधली (सात मातृदेवतांमधली) एक, सगळं गिळणाऱ्या काळाचं रूप. पोटावरचा विंचू ही तिची जुनी, ठरलेली खूण आहे. आजीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण कोरणाऱ्यानं जे दाखवायचं ठरवलं होतं, ते तिनं नेमकं वाचलं. शिवाच्या देवळाला फेरी मारताना कळस, फुलं, सुंदर बाया बघत माणूस येतो आणि शेवटी भुकेसमोर उभा राहतो. ती बाई भिंतीवर उगाच नाही.

६. बाया, वानरं आणि "तसली" शिल्पं

देवकोष्ठांच्या अधेमधे उभ्या असतात त्या सुरसुंदरी. या देवी नव्हेत. एक आरशात पाहते, एक पत्र लिहिते, एक पायात नूपुर बांधते, एकीचं वस्त्र वानर ओढतं, एकीच्या कडेवर मूल. सुबत्ता, फळणं-फुलणं आणि माणसाच्या मनाची चंचलता, असा त्यांचा अर्थ लावतात. वानर ओढाताण करणारी पाहिली की हा शेवटचा अर्थ पटतो.

शृंगारिक शिल्पांपाशी पोरं खिदळतात आणि मोठी माणसं नजर चुकवून पुढे जातात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या देवळांवर ती आहेत. त्यांचे एकच एक स्पष्टीकरण कोणी ठामपणे सांगत असेल तर सावध राहा. मंगल म्हणून, वीज पडू नये म्हणून, तंत्रमार्गाची खूण म्हणून, भक्ताची परीक्षा म्हणून, अशी बरीच मतं आहेत. विजेचं म्हणाल तर मार्कंड्याचंच शिखर वीज पडून ढासळलं असं सांगतात, तेव्हा तो उपाय फार लागू पडलेला दिसत नाही.

७. नंदी

यासाठी पुस्तक नको, शेतकरी गाठा. वशिंड, म्होरकी, घुंगरमाळ, झूल, सगळं तो बोट लावून दाखवतो. पोळ्याला स्वतःचा बैल सजवणाऱ्याला आठशे वर्षांपूर्वीची सजावट ओळखायला वेळ लागत नाही. नंदीच्या शिंगांमधून लिंग पाहायची रीत आहे, तीही करून बघा. शिल्पकारानं नंदी, दार आणि लिंग एका रेषेत धरलेले असतात. नंदी मागाहून हलवला असेल तर ते लगेच लक्षात येतं.

८. आता अर्थ

घरी आल्यावर वहीत तीन रकाने आखा: दिसलं ते, गाव म्हणतं ते, ग्रंथात आहे ते. चौथा रकाना स्वतःला काय वाटलं त्याचा, तो हवा तर ठेवा, पण बाकीच्यांत मिसळू देऊ नका.

फसवणूक बहुतेक इथेच होते. "गणपतीची सोंड उजवीकडे म्हणजे अमुक ऊर्जा", "घुमटाखाली चुंबकीय क्षेत्र", असली वाक्यं तिन्ही रकान्यांत कुठेच बसत नाहीत, हे पाहिलं की ती आपोआप गळतात. उलट, एकाच चिन्हाचे दोन अर्थ निघाले तर घाबरू नका. नाग शिवाच्या गळ्यात वेगळा, विष्णूच्या खाली शेष म्हणून वेगळा आणि वारुळापाशी नागोबा म्हणून आणखी वेगळा. जागा बदलली की अर्थ बदलतो, म्हणून वहीत मूर्तीबरोबर तिची दिशा आणि भिंत लिहायचीच.

"हेमाडपंती" या शिक्क्याबद्दलही थोडं. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, चतुर्वर्गचिंतामणी ग्रंथाचा कर्ता. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं प्रत्येक देऊळ त्याचं नाही. पुष्कळ देवळं त्याच्या आधीची आहेत. काळ ठरवायची घाई करू नका, ते काम शिलालेखाचं आणि जाणकाराचं.

९. मोकळी मूर्ती सापडली तर

नांगरताना, घराचा पाया खणताना, तळ्याचा गाळ काढताना मूर्ती निघतात. धुवायची नाही, घासायची नाही, तेल-शेंदूर लावायचा नाही, आणि घरी तर न्यायचीच नाही. जागेवर फोटो काढा, शेजारी मापासाठी पेन्सिल ठेवा, तलाठी किंवा तहसीलदारांना कळवा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीच्या व्यवहाराला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. कोणी "घेतो" म्हणत आला तर त्याचा गाडी नंबर लिहून ठेवा.

१०. सुरुवात कुठून करावी

पहिल्यांदा नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला. १८६३ सालचा. तिथे मूर्ती डोळ्यांच्या उंचीवर असतात, शेंदूर नाही, गर्दी नाही, पाटीवर नाव असतं. हात झाकून नाव ओळखा, मग पाटी पाहा.

नंतर रामटेक. लोक सरळ रामाच्या देवळात जातात, तुम्ही टेकडीवर आधी केवल नरसिंहाचं देऊळ गाठा. पाचव्या शतकातलं, वाकाटक राजांच्या काळातलं हे काम. इथला नरसिंह मांडीवर हिरण्यकशिपू घेऊन पोट फाडत नाही. चक्र धरून, एक गुडघा उभा करून तो नुसता बसलाय. कॅलेंडरवरचा नरसिंह डोक्यात घेऊन गेलेल्याला तो ओळखूच येत नाही. जवळच संपूर्ण प्राणिरूपातला वराह आहे. त्याच्या पोटाखालून पलीकडे निघता आलं तर माणूस निष्पाप, अशी समजूत आहे, आणि जाडजूड माणसांची तिथे भलतीच थट्टा होते.

तिसरं लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ. तिथे भिंतींइतकंच छतही पाहायचं, म्हणून मान दुखू नये यासाठी एक साधा आरसा न्या. तो हातात आडवा धरला की छतावरचे प्रसंग खाली मान घालून बघता येतात.

मार्कंडा शेवटी ठेवा. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर, जिथे ती उत्तरेकडे वळते तिथे हा देवळांचा समूह आहे. शिल्पं इतकी आहेत की हात मोजायची सवय लागलेली नसेल तर सगळी एकसारखीच वाटतात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, तेव्हा दर्शन करा, अभ्यास नको. मुख्य देवळाच्या दुरुस्तीचं काम मध्ये बरंच रेंगाळलं होतं, त्यामुळे निघण्याआधी कोणता भाग पाहायला खुला आहे ते विचारून घ्या. सकाळी लवकर पोचा, डबा सोबत न्या, आणि वहीची किमान दहा पानं कोरी असू द्या.